क्रिएटिव्ह कॉमन्स ४.० : सरकारी कार्यालयं, संस्था आणि अनुवादकांना नेहमी पडणारे प्रश्न

मुक्त परवाना म्हणजे 'आमची कृती अमुक अटींवर कुणीही वापरा' असं मालकाने आधीच लिहून देणं. या परवान्यांबद्दल मला जे विचारलं जातं ते फिरून फिरून तेच असतं. विचारणारे मात्र वेगवेगळे : कार्यालयातले अधिकारी, पुस्तिका काढणाऱ्या संस्था, विकिपीडियावर लिहिणारे, एखाद्या आंतरराष्ट्रीय अहवालाचा मराठी अनुवाद हाती घेतलेले. म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतो आहे. मी वकील नाही. प्रकरण कोर्टात जायच्या बेतात असेल तर हे पान बंद करा आणि वकील गाठा.

आमच्या पुस्तिकेवर 'सीसी' छापलं आहे. तेवढं पुरे ना?

नाही. 'सीसी', म्हणजे क्रिएटिव्ह कॉमन्स, हे आडनाव झालं. घरात सहा जण आहेत आणि सहांचे स्वभाव वेगळे. 'बाय' म्हणजे श्रेय द्या आणि काहीही करा. 'बाय-एसए' म्हणजे श्रेय द्या आणि बदलून पुढे दिलंत तर त्यालाही हाच परवाना लावा. 'एनसी' जोडलं की व्यापारी वापर बंद, 'एनडी' जोडलं की बदललेली प्रत वाटायची नाही. या जोडण्यांतून सहा परवाने होतात. त्यांतला कोणता आणि कितव्या आवृत्तीचा, हे दोन्ही लिहिल्याशिवाय वाचणाऱ्याला काहीच कळत नाही.

एका कार्यालयाची पाणलोटावरची पुस्तिका माझ्याकडे आली होती. दुसऱ्या पानावर ठळक अक्षरांत 'सर्व हक्क सुरक्षित. पूर्वपरवानगीशिवाय कोणताही भाग पुनर्मुद्रित करता येणार नाही' आणि बरोबर त्याखाली सीसीचं गोल चिन्ह. चौकशी केली तेव्हा कळलं, दोन्ही डिझायनरने टाकलं होतं. वरची ओळ त्याच्या नेहमीच्या साच्यातली, गोल चिन्ह आधीच्या कुठल्या तरी कामातलं. साहेबांनी सही करताना पान दुसरं पाहिलंच नव्हतं. अशी पुस्तिका कुणी उतरवून घ्यावी की नाही? सावध माणूस घेणार नाही. म्हणजे मुक्त करूनही ती बंदच राहिली.

आवृत्तीचं एवढं काय? ३.० आणि ४.० मध्ये फरक तो काय असणार?

पहिला संच डिसेंबर २००२ मध्ये आला. क्रिएटिव्ह कॉमन्स ही संस्था अमेरिकेतली, २००१ सालची, त्यामुळे त्या परवान्यांची भाषा आणि गृहीतकं अमेरिकी कायद्याची होती. पुढे २००४ मध्ये २.०, २००५ मध्ये २.५, २००७ मध्ये ३.० आणि २५ नोव्हेंबर २०१३ रोजी ४.०. प्रत्येक वेळी थोडी डागडुजी झाली. ४.० मध्ये मात्र पायापासून काम झालं : दोन वर्षं मसुदे जाहीर करून, देशोदेशीच्या लोकांच्या हरकती घेऊन ते लिहिलं गेलं. अमेरिकेबाहेरच्या लोकांच्या आणि सरकारांच्या ज्या अडचणी होत्या, त्यांतल्या बहुतेकांना यात उत्तर मिळालं. म्हणून आज नवीन काही प्रसिद्ध करत असाल तर ४.० सोडून दुसरं काही वापरायचं कारण मला दिसत नाही. एक अपवाद आहे, तो पुढे आयजीओच्या, म्हणजे आंतरसरकारी संस्थांच्या, प्रश्नात येईल.

काही जुन्या मजकुरावर 'बाय-एसए २.५ भारत' असं दिसतं. हा भारताचा वेगळा परवाना आहे का?

होता. ३.० पर्यंत अशी रीत होती की मूळ परवाना घ्यायचा आणि स्थानिक वकिलांनी तो आपापल्या देशाच्या कायद्याला बेतून घ्यायचा. पन्नासाहून जास्त कायदाक्षेत्रांत अशा स्थानिक प्रती झाल्या. भारताची प्रत २.५ ची, तिचं उद्घाटन जानेवारी २००७ मध्ये आयआयटी मुंबईत झालं.

कल्पना चांगली, पण पसारा वाढला. स्पेनची प्रत, स्कॉटलंडची प्रत, भारताची प्रत, प्रत्येकीत शब्द थोडे इकडेतिकडे. तीन देशांतल्या मजकुरातून एक धडा तयार केला की तीन कायदेशीर मजकूर वाचायचे. ४.० ने हा प्रकार थांबवला. एकच मजकूर जगभर, स्थानिक प्रती नाहीत, फक्त अधिकृत भाषांतरं. आणि भाषांतर म्हणजे वेगळा परवाना नव्हे. फिनिश भाषेतला ४.० आणि इंग्रजीतला ४.० हा एकच.

भारतीय २.५ लावलेला जुना मजकूर आजही त्याच अटींवर वापरता येतो. नव्या कामाला मात्र तो लावू नका.

मग वाद झाला तर कुठल्या देशाचा कायदा लागणार?

४.० मध्ये ते मुद्दामच लिहिलेलं नाही. जिथे खटला होईल तिथलं कोर्ट आपल्या नियमांनुसार ठरवेल.

सरकारी कागद तर जनतेचेच ना? त्यांना परवाना कशाला?

हा गैरसमज अमेरिकेतून आलेला आहे. तिथे संघ सरकारच्या कर्मचाऱ्यांनी कामाचा भाग म्हणून लिहिलेल्यावर कॉपीराइट नसतोच. त्यांच्या कायद्याच्या कलम १०५ मध्ये तसं स्पष्ट आहे. आपल्याकडे उलट. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७(ड) प्रमाणे सरकारी कृतीचं पहिलं मालक सरकार आणि कलम २८ प्रमाणे हा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं चालतो. राजपत्रातला मजकूर, न्यायनिवाडे, विधिमंडळापुढे ठेवलेले समित्यांचे अहवाल यांना कलम ५२ मध्ये सूट आहे. अधिनियमाचा मजकूर टीकेसह किंवा स्वतःच्या इतर मजकुरासह छापता येतो. पण कृषी विभागाची माहितीपत्रिका, पर्यटनाचे फोटो, आरोग्याची भित्तिपत्रकं? ती सगळी हक्क राखलेली, कुणी तसं ठरवलं नसलं तरी. शाळेतल्या बाईंनी त्यातलं चित्र प्रश्नपत्रिकेत चिकटवलं तर कुणी पकडायला येत नाही हे खरं. पण शब्दकोश किंवा ॲप करणाऱ्याला 'कुणी पकडत नाही' या भरवशावर काम उभारता येत नाही.

बाकी सरकारं काय करतात?

ब्रिटनने २०१० मध्ये स्वतःचा 'ओपन गव्हर्न्मेंट लायसन्स' आणला. तो सीसी बाय ४.० शी जुळेल अशी काळजी घेतलेली आहे. ऑस्ट्रेलियाच्या सांख्यिकी ब्युरोने २००८ च्या अखेरीसच आपली आकडेवारी सीसी बायखाली दिली. न्यूझीलंडने सरकारी खात्यांसाठी २०१० मध्ये चौकटच आखून दिली. युरोपीय आयोगाने फेब्रुवारी २०१९ मध्ये आपल्या मजकुरासाठी सीसी बाय ४.० आणि कच्च्या माहितीसाठी सीसी झिरो, म्हणजे सगळे हक्क सोडून देणं, स्वीकारलं. आयोगाने स्वतःचा नवा परवाना लिहायचा मोह टाळला, ही यातली शिकण्यासारखी गोष्ट.

भारतात २०१२ चं माहितीच्या देवाणघेवाणीचं राष्ट्रीय धोरण आणि त्यामागोमाग डेटा डॉट गव्ह डॉट इन हे संकेतस्थळ आलं. पण त्यावरच्या आकडेवारीला नीट परवाना मिळायला फेब्रुवारी २०१७ उजाडलं, तेव्हा राजपत्रात 'गव्हर्न्मेंट ओपन डेटा लायसन्स - इंडिया' अधिसूचित झाला. शिक्षणाच्या बाजूने आधीच पाऊल पडलं होतं. राष्ट्रीय मुक्त शैक्षणिक साधनांचं भांडार ऑगस्ट २०१३ मध्ये सुरू झालं ते सीसी बाय-एसएवर.

मग आमच्या पुस्तिकेला तो भारतीय डेटा परवाना लावू की सीसी?

आकड्यांचे तक्ते त्या धोरणाखाली देत असाल तर डेटा परवाना. पुस्तिका, चित्रं, व्हिडिओ, पाठ्यसाहित्य यांना सीसी बाय ४.०.

आम्ही आमचा एक छोटा परवाना मराठीतच लिहिला तर? 'ही माहिती कोणीही मोफत वापरावी' एवढंच.

हेतू उत्तम, पण कायदा आडवा येतो. आपल्या कायद्याच्या कलम १९ प्रमाणे मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. हे कलम हक्क हस्तांतराचं असलं तरी कलम ३०अ ते परवान्यांनाही लावतं. म्हणजे तुमचं 'कोणीही' पाच वर्षांनी संपण्याचा धोका आहे, आणि न्यू जर्सीतल्या मराठी शाळेला ते पहिल्या दिवसापासूनच लागू होतं की नाही याची शंका. शिवाय वापर म्हणजे छापणं की भाषांतरही? बदल करायचे का? विकायचं का? सीसी ४.० मध्ये जगभर आणि हक्क असेपर्यंत हे शब्द आहेत. वकिलांनी दोन वर्षं घासून घेतलेला मजकूर फुकट मिळत असताना घरचा कशाला शिवायचा?

डेटाबेस हक्क हे काय प्रकरण आहे? आमच्याकडे तर असं काही ऐकलं नाही.

ऐकलं नसणार, कारण भारतात तो हक्क नाही. युरोपीय संघाने १९९६ च्या निर्देशाने तो निर्माण केला : माहिती गोळा करण्यात मोठी गुंतवणूक केली असेल तर त्या संग्रहाला १५ वर्षांचं संरक्षण, मग त्यात सर्जनशील काही असो वा नसो. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने 'ईस्टर्न बुक कंपनी' खटल्यात नुसत्या मेहनतीला कॉपीराइट नाही, थोडी तरी बुद्धीची निवड दिसली पाहिजे, असं म्हटलं. बसथांब्यांची साधी यादी इथे कुणाच्या मालकीची होणं कठीण.

अडचण अशी झाली की ३.० च्या सर्वसाधारण मजकुरात या युरोपीय हक्काचा उल्लेखच नव्हता. युरोपातल्या एखाद्या नगरपालिकेने यादी सीसीखाली दिली तरी डेटाबेस हक्क दिला की राखला, हे संदिग्ध. ४.० ने तो परवान्याच्या आत घेतला. आणि जिथे तो हक्क अस्तित्वातच नाही तिथे परवाना तो नव्याने निर्माण करत नाही, हेही त्यात आहे. पुण्यात बसून तुम्ही नेदरलँड्सची माहिती वापरत असाल तर हा फायदा तुमचाच.

एक सूचना नकाशावाल्यांसाठी. सीसी बाय ४.० ची माहिती ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून केलेल्या मुक्त नकाशात टाकायची असेल तर ते लोक मूळ मालकाचं वेगळं संमतीपत्र मागतात, कारण तांत्रिक कुलूप (प्रत काढता येऊ नये म्हणून फाईलवर घातलेलं बंधन) लावण्याबाबत त्यांच्या परवान्याचं आणि सीसीचं जुळत नाही. तेव्हा वॉर्डांच्या हद्दी खुल्या करताना फाईलवर तेवढी संमतीची एक ओळ आधीच घालून घ्या. नंतर ती फाईल पुन्हा वर पाठवायला लागते आणि मग ती किती महिन्यांनी खाली येते ते तुम्हाला माहीत आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या पुस्तिकेवर '३.० आयजीओ' असं आहे. ४.० असताना हे जुनं का?

इथे थोडं मागे जावं लागेल. जागतिक बँकेने एप्रिल २०१२ मध्ये आपली प्रकाशनं सीसी बायखाली द्यायचं जाहीर केलं. पण संयुक्त राष्ट्रांच्या संस्था, जागतिक बँक यांसारख्या आंतरसरकारी संस्थांवर कुठल्याही एका देशाच्या कोर्टात सहजासहजी खटला चालत नाही. करारांनी त्यांना तसं संरक्षण आहे. सर्वसाधारण परवान्यावर सही करणं म्हणजे हे संरक्षण सोडणं तर नव्हे, अशी त्यांच्या विधी विभागांची धास्ती. त्यातून डिसेंबर २०१३ मध्ये ३.० ची आयजीओ प्रत आली. तिच्यात वाद झाला तर आधी मध्यस्थी, मग लवाद, असा मार्ग आहे. कोर्टाची पायरी नाही.

गंमत म्हणजे त्याच्या काही दिवस आधी आलेल्या ४.० मध्येही एक कलम आहे की या परवान्यामुळे कुणाचेही विशेषाधिकार किंवा संरक्षण सुटत नाही. म्हणजे या संस्थांना ४.० सुद्धा चालतो. पण मोठ्या संस्था एकदा बसवलेली घडी लवकर मोडत नाहीत, म्हणून आयजीओचा शिक्का अजून सगळीकडे दिसतो. आयजीओची प्रत फक्त त्यांच्यासाठी आहे. एका स्वयंसेवी संस्थेने 'आंतरराष्ट्रीय वाटतं' म्हणून तीच लावली होती. तसं करू नका.

ती पुस्तिका मराठीत करायची आहे. परवानगीचं पत्र पाठवू का?

पत्राची गरज नाही, पण अटी वाचा. आरोग्य संघटनेचा परवाना साधारणपणे बाय-एनसी-एसए ३.० आयजीओ असतो. भाषांतर करता येतं. ते त्याच किंवा त्याच्याशी समतुल्य सीसी परवान्याखाली द्यायचं, नफ्यासाठी विकायचं नाही, संघटनेचं बोधचिन्ह वापरायचं नाही. आणि एक वाक्य छापायचं : हे भाषांतर संघटनेने केलेलं नाही, त्यातल्या मजकुराला किंवा अचूकतेला ती जबाबदार नाही, मूळ इंग्रजी आवृत्तीच अधिकृत मानावी. हे वाक्य बहुतेक जण विसरतात. बोधचिन्ह मात्र न विसरता छापतात, आणि नेमकं तेच नको असतं.

बोधचिन्ह, राजमुद्रा, फोटोतली माणसं यांचं काय?

कुठलाही सीसी परवाना ट्रेडमार्क देत नाही. राजमुद्रेला स्वतंत्र कायदा आहे, २००५ चा. पुस्तिका मुक्त केली म्हणून कुणी तिच्यावरची मुद्रा आपल्या माहितीपत्रकावर लावू शकत नाही. फोटोतल्या माणसाची संमती हाही वेगळा विषय, ४.० मध्ये परवाना देणारा स्वतःचे असे हक्क आड आणत नाही, एवढंच. तिसऱ्याचे हक्क त्याच्या हातात नसतातच. अंगणवाडीतल्या मुलांचे फोटो टाकताना हे दोनदा आठवा.

'एनसी' लावलेलं बरं ना? उगाच कुणी पैसे कमावू नयेत.

सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न हाच आहे. माझं मत स्पष्ट आहे : सरकारी कार्यालयाने एनसी लावू नये. जनतेच्या पैशातून लिहिलेली शेळीपालनाची माहिती एखाद्या प्रकाशकाने छापून तीस रुपयांना आठवडी बाजारात विकली, तर ती ज्या माणसापर्यंत तुमचं संकेतस्थळ कधीच पोचलं नसतं त्याच्यापर्यंत पोचली. त्यात तुमचं गेलं काय? शिवाय एनसी लावलेला मजकूर विकिपीडियावर जात नाही, म्हणजे लोक जिथे शोधतात नेमकं तिथेच तो नसतो.

शिवाय 'व्यापारी' म्हणजे काय यावर भांडणं होतात. जर्मनीत एका सार्वजनिक नभोवाणीने एनसी फोटो संकेतस्थळावर वापरला. कोलोनच्या खालच्या कोर्टाने तो व्यापारी वापर ठरवला. वरच्या कोर्टाने २०१४ मध्ये ते मान्य केलं नाही, पण फोटो कापताना श्रेय उडालं म्हणून नभोवाणीलाच दोषी धरलं. अमेरिकेत गणिताचं एनसी पाठ्यसाहित्य शाळांनी छपाईच्या दुकानातून काढून घेतलं, दुकानाने अर्थातच पैसे घेतले आणि खटला झाला. २०१८ मध्ये अपील कोर्टाने सांगितलं की दुकान शाळेच्या वतीने काम करत होतं, उल्लंघन नाही. आपल्याकडे कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याला हे सगळं समजावत बसण्यापेक्षा एनसी न लावणं सोपं.

पुस्तिकेचे हक्क आमच्याकडेच आहेत, हे गृहीत धरायचं ना?

तिथेच घोटाळा असतो. सरकारने स्वतःच्या देखरेखीखाली करून घेतलेलं काम सहसा सरकारचं. पण खासगी संस्थेने बाहेरच्या लेखकाला मानधन देऊन लिहून घेतलेला मजकूर लेखी हस्तांतर नसेल तर लेखकाचाच राहतो. पावती म्हणजे हस्तांतर नव्हे. आणि गूगलवरून उतरवलेल्या फोटोंवर तुम्हाला कसलाच हक्क मिळत नाही. जे तुमचं नाही त्याला परवाना तुम्ही देऊ शकत नाही. असे तुकडे असतील तर त्यांच्याखाली 'हे छायाचित्र परवान्याबाहेर' असं लिहा.

हक्क तुमच्याकडे आले तरी लेखकाचे नैतिक हक्क, म्हणजे नाव लागण्याचा आणि कृतीची मोडतोड रोखण्याचा हक्क, कलम ५७ प्रमाणे त्याच्याकडेच राहतात. विज्ञान भवनातलं अमरनाथ सेहगल यांचं भित्तिशिल्प सरकारनेच काढून टाकलं होतं. दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये त्याचे अवशेष परत द्यायला आणि पाच लाख रुपये भरपाई द्यायला लावलं.

नवे साहेब आले आणि त्यांना परवाना काढून घ्यायचा असेल तर?

पुढे देणं थांबवता येतं. ज्यांनी आधी घेतलं आहे त्यांच्याकडून काढून घेता येत नाही. सही घेण्यापूर्वी हे त्यांना नीट सांगा.

आमच्याकडे ३.० चा जुना मजकूर आहे. ४.० कसा करायचा?

स्वतःचा असेल तर नुसतं जाहीर करा. जुना परवानाही चालूच राहील. दुसऱ्याचा बाय-एसए ३.० असेल तर जशाच्या तशा मजकुराचा परवाना बदलता येत नाही, पण त्यावरून केलेली नवी कृती ४.० खाली देता येते, कारण 'पुढची आवृत्ती चालेल' असं कलम २.० पासून आहे. १.० मध्ये ते नव्हतं.

गोव्याचं उदाहरण जवळचं आहे. गोवा विद्यापीठाने कोंकणी विश्वकोशाचे चार खंड २०१३ मध्ये बाय-एसए ३.० खाली खुले केले. विकिपीडिया तेव्हा ३.० वरच होता, जून २०२३ मध्ये तो ४.० वर गेला. तरी विश्वकोशातल्या नोंदीवरून नवा लेख रचायला काही अडत नाही. मूळ खंडाचा उल्लेख ३.० म्हणून करायचा, एवढंच.

श्रेय द्यायला विसरलो आणि नोटीस आली. आता?

आधी चूक दुरुस्त करा, आजच. ३.० पर्यंत चूक झाली की परवाना संपला, पुन्हा मालकाकडे जा. काही लोकांनी याचा धंदा केला : फोटो मुक्त ठेवायचे आणि श्रेयातली बारीक चूक पकडून पैसे मागायचे. ४.० मध्ये चूक कळल्यापासून ३० दिवसांत सुधारलीत तर परवाना आपोआप परत मिळतो. मधल्या काळाची भरपाई मागण्याचा मालकाचा हक्क मात्र राहतो. नोटिशीत कोणती आवृत्ती म्हटली आहे ते आधी पाहा.

श्रेयाची रीतही ४.० ने सैल केली. शीर्षक देणं सक्तीचं नाही, सगळी माहिती असलेल्या पानाचा दुवा दिला तरी चालतं. पण बदल केला असेल, अगदी फोटोची कडा कापली असेल, तरी ते सांगायचं.

श्रेयनामावलीच्या पानावर नेमकं काय छापू?

असं छापा : '© २०२५, (कार्यालयाचं नाव). ही पुस्तिका क्रिएटिव्ह कॉमन्स बाय ४.० आंतरराष्ट्रीय परवान्याखाली उपलब्ध आहे. बोधचिन्हं आणि पृष्ठ ७ व १२ वरची छायाचित्रं या परवान्यात नाहीत.' खाली परवान्याचा पूर्ण पत्ता आणि क्यूआर कोड. मग 'सर्व हक्क सुरक्षित' ही ओळ काढायला सांगा, आणि मुद्रितं आली की मलपृष्ठ उलटून पाहा. साच्यात ती तिथेही एकदा असते.